घाटात टर्बो गाडी तापते: बॉनेटखालची उष्णता कशी आवरायची

एप्रिल-मेमध्ये साताऱ्यात पारा ३८-४० वर गेला की टर्बो गाड्यांच्या दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, पसरणी घाटात अर्ध्यावर पिकअप बसतो. दुसरी, पाचगणीला पोचून बॉनेट उघडलं की तोंडावर झळ येते आणि काहीतरी जळल्याचा वास येतो. यावर दुकानात तयार उत्तर मिळतं: टर्बो ब्लँकेट, एक्झॉस्ट रॅप, सोनेरी टेप. तिन्ही वस्तू कामाच्या आहेत, पण त्यांचा नंबर शेवटचा. कंपनीने दिलेली थंड करायची व्यवस्था धड चालते का, हवा आत कुठून येते आणि बाहेर कुठून पडते, हे आधी बघायचं आणि मग गुंडाळागुंडाळीकडे वळायचं. क्रम उलटा केला तर पैसे जातात आणि गाडी तापायची ती तापतेच.

एवढी उष्णता येते कुठून

पेट्रोल टर्बो इंजिनवर पूर्ण लोड असताना टर्बाइनपाशी, म्हणजे टर्बोच्या धुरावर फिरणाऱ्या चाकापाशी, येणारा धूर ८५०-९५० अंशांपर्यंत जातो. डिझेलमध्ये हाच आकडा ७००-७५० च्या आसपास असतो. लांब चढावर टर्बाइनचं बिडाचं घर मंद लाल दिसू लागतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, ते त्यासाठीच बनवलेलं असतं. पण त्याच्यापासून वीतभर अंतरावर प्लास्टिकचे जोड, वायरिंग, ब्रेकची नळी आणि बॅटरी असते, आणि ती मात्र त्यासाठी बनवलेली नसतात.

टर्बोच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये, वेगळाच प्रकार चालतो. हवा दाबली की तापते. बाहेर ४० अंश असताना ०.८ बार बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) दिला आणि कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षमतेने चालत असला, तर बाहेर पडणारी हवा साधारण १२० अंशांची होते. इंटरकूलर तिला पुन्हा ५०-६० वर आणतो. इंजिनात जाणारी हवा दर १० अंश तापली की तिची घनता सुमारे ३ टक्के घटते. शिवाय गरम हवेने पेट्रोल इंजिनात नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी पेटण्याचा, धोका वाढतो, म्हणून ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगी उशिरा देतो आणि ताकद घटते. अर्ध्या घाटात बसलेल्या पिकअपचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. टर्बो बिघडलेला नसतो.

आपल्या भागात उंचीचाही हिशेब धरावा लागतो. सातारा साधारण ७४० मीटरवर आणि महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास. वर हवेचा दाब साताऱ्यापेक्षा सुमारे ७ टक्के कमी. तोच बूस्ट द्यायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं, आणि रेडिएटरमधून जाणारी हवाही विरळ असते. म्हणजे चढ, लोड आणि विरळ हवा हे तिन्ही एकाच वेळी गाठतात.

पायरी १: आधी मोजा

डॅशबोर्डवरच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. कुलंट ८५ अंशांवर असो वा १०५ वर, काटा मधोमधच राहतो, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. काही नव्या गाड्यांत तर काटाच नाही, नुसता लाल दिवा.

ब्लूटूथवर चालणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) घ्या आणि मोबाइलवर चार आकडे लावा: बाहेरचं तापमान, कुलंटचं तापमान, इनटेक (इंजिनात जाणाऱ्या) हवेचं तापमान आणि मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा वाटणाऱ्या नळ्यांतला, दाब. इनटेकचा सेन्सर तुमच्या गाडीत नेमका कुठे आहे ते विचारून घ्या. तो एअर फिल्टरपाशी असेल तर इंटरकूलर काम करतो की नाही हे त्यातून कळणार नाही. इंटरकूलरच्या पुढे, मॅनिफोल्डवर असेल तरच कळेल.

लेझरवालं तापमापक असेल तर उत्तम, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ते भलतंच कमी तापमान दाखवतं. पाइपावर उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्या आणि दर वेळी तिथेच मोजा.

मग तीन चाचण्या करा. एसी सुरू ठेवून गाडी १५ मिनिटं जागेवर उभी. महामार्गावर ८० च्या स्थिर वेगाने दहा किलोमीटर. आणि वाई ते पाचगणी, पसरणी घाट, सुमारे १२ किलोमीटरचा सलग चढ. मोबाइल शेजारच्याच्या हातात द्या, चालवताना स्क्रीनवर नजर नको. आकडे कागदावर उतरवा, कारण पुढे काही बदललं की पुन्हा याच तीन चाचण्या करायच्या आहेत.

आकड्यांतून दोष कुठे आहे याची बरीच दिशा मिळते:

गाडी उभी असताना कुलंट चढतो आणि पळायला लागली की उतरतो, तर फॅन, त्याचा रिले किंवा रेझिस्टर बघा. उलट, उभी असताना ठीक पण महामार्गावर चढतो, तर रेडिएटर आतून चोंदलेला आहे, थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही, किंवा पंपात दम नाही. फक्त चढावर आणि एसी लावल्यावरच चढतो, तर पुढच्या जाळ्या, म्हणजे कंडेन्सर-रेडिएटर, कचऱ्याने भरल्यात असं समजा. कुलंट ठीक आहे पण इनटेकची हवा ८० च्या वेगानेही बाहेरपेक्षा २०-२५ अंशांनी जास्त आहे, तर दोष इंटरकूलर किंवा हवेच्या वाटेत आहे. पोवई नाक्यावर सिग्नलला उभं राहिल्यावर इनटेकचं तापमान चढलं आणि निघाल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत उतरलं, तर काही दोष नाही. उभी टर्बो गाडी तेवढी तापणारच.

कुलंट ८५ ते १०५ च्या दरम्यान हलत राहणं नेहमीचं आहे. ११० च्या पुढे जाऊन तिथेच राहिला तर गाडी थांबवा.

पायरी २: जाळ्या धुवा, पण नीट

नवख्यांना सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फायदा इथे मिळतो, आणि सगळ्यात जास्त गाड्या खराबही इथेच होतात. म्हणून थोडं सविस्तर.

पुढच्या बंपरच्या आत एकामागे एक थर असतात. बहुतेक गाड्यांत आधी एसीचा कंडेन्सर, मग रेडिएटर आणि त्यामागे फॅन. इंटरकूलर कधी या सगळ्यांच्या पुढे, कधी खाली, कधी बाजूला. समोरून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. कचरा असतो कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत. कारखाने सुरू असताना उसाच्या ट्रॉलीमागून गाडी चालवली की पाचटाचे तुकडे आत जातात. पावसाळा संपला की डोंगरातली कुसळं जातात. माण-खटावकडच्या फेऱ्या असतील तर बारीक धूळ बसते, त्यावर इंजिनचं तेलकट बाष्प बसून खपली होते. बॉनेट उघडा, फॅनच्या बाजूने प्रखर टॉर्च धरा आणि पुढून ग्रिलमधून बघा. उजेड आरपार येत नसेल तर हवाही येत नाही.

धुवायची रीत: इंजिन पूर्ण गार, एसी बंद, चावी काढलेली. फॅन चावी नसतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून आत हात घालायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आधी मऊ ब्रशने सुका कचरा काढा. मग साधा नळाचा पाइप घेऊन पाणी आतून बाहेर मारा, म्हणजे इंजिनच्या बाजूने ग्रिलकडे. हवा ज्या दिशेने कचरा आणते त्याच्या उलट. समोरून मारलं तर पाचट आणखी आत ठासलं जातं. तेलकट खपली असेल तर शाम्पूचं पाणी फवारून दहा मिनिटं ठेवा. ॲसिडवाला क्लीनर वापरू नका, ॲल्युमिनियम खातो.

सर्व्हिसिंग सेंटरमधली प्रेशर गन जवळून मारू देऊ नका. पंख म्हणजे ते पत्र्याचे पातळ पापुद्रे, ते एका फटक्यात आडवे होतात आणि तेवढा भाग कायमचा बंद होतो. थोडे वाकलेले असतील तर फिन कोंब मिळतो, किंवा बोथट चिमट्याने एकेक ओळ सावकाश सरळ करा. संध्याकाळ जाते, पण काम होतं.

मधली फट खूप भरली असेल तर रेडिएटरचे वरचे दोन बोल्ट सोडून तो इंचभर मागे ओढावा लागतो. हे काम मेकॅनिककडून करून घ्या. एसीची नळी वाकली तर गॅस जाईल.

पायरी ३: कुलंट, टोपण, फॅन

कुलंट आणि पाणी निम्मं-निम्मं. पाणी डिस्टिल्ड, बॅटरीला वापरतो ते. बोअरचं पाणी घालू नका. त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि महामार्गावर गाडी तापायला लागते. डब्यावर रेडी मिक्स लिहिलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, हे इतक्या जणांचं चुकतं की दोनदा वाचा. जास्त कुलंट म्हणजे जास्त थंड असंही नाही. पाणी उष्णता जास्त चांगली वाहून नेतं, म्हणून ६० टक्क्यांच्या पुढे कुलंट गेलं की उलटाच परिणाम होतो. हिरवं, गुलाबी, निळं असं रंगावरून ठरवू नका. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार दिलाय तोच घ्या आणि दोन प्रकार एकत्र करू नका.

निम्म्या मिश्रणाचा उकळबिंदू उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास असतो. टोपण १ बारचा दाब धरून ठेवतं म्हणून तो १२५ च्या पुढे जातो. टोपणाचं रबर कडक झालं, चीर गेली की हा सगळा फायदा संपतो, आणि महाबळेश्वरच्या उंचीवर उकळबिंदू आणखी चार-पाच अंशांनी खाली येतो. टोपण बदलताना त्यावर छापलेला दाबाचा आकडा तोच हवा. जास्त आकड्याचं टोपण बसवलं तर जुना होस किंवा प्लास्टिकची टाकी फाटते.

कुलंट बदलल्यावर आतली हवा काढणं महत्त्वाचं. गाडी चढावर, तोंड वर करून उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लीड स्क्रू असेल तर तो उघडा आणि सलग धार येईपर्यंत भरा. हवेचा फुगा राहिला तर सेन्सर कधी कमी, कधी एकदम जास्त दाखवतो आणि टर्बोच्या थंड करणाऱ्या नळीत पाणी पोचत नाही.

फॅनची तपासणी दोन मिनिटांची. एसी लावा, फॅन सुरू व्हायला हवा. ग्रिलसमोर वर्तमानपत्राचा तुकडा धरा, तो जाळीला चिकटला पाहिजे. बाहेर ढकलला जात असेल तर मोटार बदलताना वायरी उलट्या जोडल्यात. एसी लावूनही फॅन लागत नाही पण गाडी खूप तापल्यावर एकदम जोरात सुरू होतो, तर कमी वेगाचा रेझिस्टर जळालाय.

पायरी ४: हवेला आत यायला आणि बाहेर जायला वाट

हवा ग्रिलमधून आत येते तेव्हा ती जाळ्यांतूनच गेली पाहिजे. बाजूने सटकायला वाट मिळाली तर ती सटकतेच. म्हणून कंपनी बंपर आणि रेडिएटरच्या मध्ये प्लास्टिकच्या पट्ट्या आणि फोम लावते. अपघातानंतर बंपर बदलला की डेंटिंगवाल्याकडे हे तुकडे हटकून राहून जातात. तुमच्या गाडीत ते आहेत का बघा, नसतील तर मागवा. तात्पुरतं बंद पेशींच्या फोमची पट्टी चिकटवली तरी चालतं.

इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर हे दुसरं. ऑइल बदलताना काढलं, क्लिपा तुटल्या, आणि मिस्त्री म्हणाला, “राहू द्या, हवा लागेल.” हवा लागत नाही. कव्हर असताना गाडी पळते तेव्हा खाली कमी दाब तयार होतो आणि बॉनेटखालची गरम हवा मागच्या बाजूने ओढली जाते. कव्हर नसलं तर खालून वर हवा घुसते, रेडिएटरच्या मागे दाब वाढतो आणि पुढून येणारी हवा अडते. शिवाय खड्ड्यातलं पाणी तापलेल्या टर्बोवर उडतं ते वेगळंच.

ग्रिलसमोरचे जादा भोंगे, एलईडी बार, किड्यांसाठी लावलेली बारीक जाळी, रुंद नंबर प्लेटची चौकट: घाटाच्या आधी यातलं काय काढता येईल ते बघा. इंटरकूलरच्या बरोबर समोर असलेला भोंगा तर नक्की हलवा.

बॉनेटच्या बिजागरीखाली वॉशर घालून मागची कड उचलायची टूम आहे. दिसायला भारी दिसते. काचेच्या पायथ्याशी पळत्या गाडीत हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे उचललेल्या फटीतून गरम हवा बाहेर जाण्याऐवजी बाहेरची आत येते आणि पुढच्या जाळ्यांतला प्रवाह मंदावतो. वर इंजिनचा वास केबिनमध्ये. फायदा असलाच तर गाडी उभी असताना. बॉनेटला भोकं पाडायची तर ती पुढच्या अर्ध्या भागात, रेडिएटरच्या मागे हवीत. पण महाबळेश्वरचा पाऊस लक्षात घ्या: ते पाणी थेट कॉइल आणि अल्टरनेटरवर पडेल. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडीत बदल करण्यावर बंधन आहे. विमा कंपनीही विचारते. रोजच्या गाडीत याची गरज पडत नाही.

पायरी ५: इनटेकची गार हवा आणि बूस्टची गळती

उघडा कोन फिल्टर बॉनेटखालचीच ६०-७० अंशांची हवा ओढतो. आवाज छान येतो, गाडी घाटात मंदावते. मूळ फिल्टरची पेटी आणि ग्रिलकडे जाणारं तिचं नळकांडं जागेवर ठेवा. त्या नळकांड्याचा जोड बऱ्याचदा सुटलेला सापडतो.

बूस्टची गळती हे तापण्याचं लपलेलं कारण. टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या होसमध्ये कुठे फट असेल तर मागितलेला दाब भरून काढायला टर्बो जास्त फिरतो, हवा जास्त तापवतो आणि स्वतःही तापतो. खुणा: चढावर सुस्स असा आवाज, डिझेलमध्ये काळा धूर, होसच्या जोडापाशी तेलाची ओली रिंग. इंटरकूलरच्या खालच्या कोपऱ्यात हात फिरवून बघा. पातळसा तेलाचा थर नेहमीचा, पण थेंब पडत असतील तर तपासून घ्या. गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट (पाइपात धूर सोडून गळती शोधायची चाचणी) करून मागा. क्लिपा घट्ट करताना मात्र प्लास्टिकचा जोड चिरडेपर्यंत आवळू नका.

मोठा इंटरकूलर बसवायचा मोह आवरा. जाड इंटरकूलर मागच्या कंडेन्सर आणि रेडिएटरची हवा अडवतो, मग इनटेक गार होते आणि कुलंट तापतो.

पायरी ६: आता गुंडाळा

पहिल्या पाच पायऱ्या झाल्यावर पुन्हा मोजा. अनेकांना इथेच थांबता येईल. वॉरंटीतली गाडी असेल तर थांबाच.

सर्वांत आधी टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा (इंजिनातून धूर टर्बोकडे नेणाऱ्या नळ्यांवरचा) कंपनीचा पत्रा बघा. त्याचा एखादा बोल्ट गंजून तुटतो, पत्रा खडखडतो आणि आवाज बंद करायला कुणीतरी तो काढूनच टाकतो. दोन पातळ पत्र्यांमध्ये हवा किंवा तंतू असलेला तो पत्रा कुठल्याही ब्लँकेटइतका कामाचा आहे. तो परत बसवला की अर्धं काम झालं.

टर्बो ब्लँकेट फक्त टर्बाइनच्या, म्हणजे बिडाच्या, धुराच्या बाजूला. कॉम्प्रेसरचं ॲल्युमिनियमचं घर उघडं राहिलं पाहिजे. मधला भाग, जिथे ऑइल आणि पाण्याच्या नळ्या येतात, तोही उघडा. वेस्टगेटचा, म्हणजे जादा धूर वळवून बूस्ट आवरणाऱ्या झडपेचा, दांडा पूर्ण हालचालीत कुठेही घासता कामा नये. हाताने हलवून बघा, कारण अडकला तर बूस्ट मर्यादेबाहेर जातो. बांधायला स्टीलची स्प्रिंग किंवा स्टेनलेस तार.

डाउनपाइपवरचा (टर्बोतून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपावरचा) रॅप: ५० मिलिमीटर रुंद, बसाल्ट तंतूंचा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर १२ मिलिमीटर चढवायचा. म्हणजे दर वेढ्याला ३८ मिलिमीटर पुढे. ६३ मिलिमीटर व्यासाचा, ६० सेंटिमीटर लांब पाइप असेल तर सुमारे १६ वेढे आणि सव्वातीन मीटर रॅप लागतो. वाकणं आणि टोकं धरून पाच मीटर घ्या. पाइप काढून, वायर ब्रशने घासून, तेल पुसून घ्या. सुरुवात खालच्या टोकाकडून करा आणि वर या. कौलं घालतात तसं वरचं खालच्यावर येतं आणि पाणी आत शिरत नाही. रॅप ताणून धरा, दर १५-२० सेंटिमीटरवर आणि दोन्ही टोकांना स्टेनलेस टाय. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि मास्क. तंतू कातडीत गेले तर दोन दिवस खाजतं.

पहिली २०-३० मिनिटं धूर आणि वास येतो, चिकटवणारा पदार्थ जळत असतो. मोकळ्या जागेत, बॉनेट उघडं ठेवून, शेजारी फायर एक्स्टिंग्विशर घेऊन इंजिन चालवा. अर्ध्या तासानंतरही धूर येत राहिला तर ऑइल गळतंय. रॅप ऑइल शोषतो आणि पेटतो. कुठे थोडीही गळती असेल तर ती बंद होईपर्यंत रॅप नको.

काय गुंडाळायचं नाही: बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, कारण उष्णता अडकून तडा जातो. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि डिझेलचा डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, हेही नाहीत. बीएस-६ गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुधा टर्बोला चिकटूनच असतो, म्हणजे गुंडाळण्यासारखा पाइपच उरत नाही. अशा गाडीत रॅपचा नाद सोडा आणि पत्र्यावर लक्ष द्या. साध्या लोखंडी पाइपाला रॅपखाली गंज लवकर लागतो, आणि जावळी-महाबळेश्वरच्या पावसात तर फार लवकर.

ज्या वस्तूला वाचवायचं तिच्यासाठी परावर्तक स्लीव्ह: स्टार्टरची केबल, ऑक्सिजन सेन्सरची वायर, क्लच-ब्रेकच्या नळ्या, इंधनाची नळी. सोनेरी टेप इनटेक पाइपवर लावायची, एक्झॉस्टवर कधीच नाही. तिचं काम समोरून येणारी धग परतवणं. तिच्यावर तेलाची धूळ बसली की ते संपतं, म्हणून पुसत राहा. आडोसा म्हणून पत्रा लावायचा असेल तर ०.५ ते ०.८ मिलिमीटरचा स्टेनलेस घ्या आणि दोन्ही बाजूंना १०-१५ मिलिमीटर मोकळी हवा ठेवा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, टर्बाइनला लागून ते नको. पत्रा वस्तूला चिकटवलात तर तोच तापून तिला भाजतो.

पायरी ७: ऑइल आणि पाय

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे फिरतो, आणि तो तरंगतो ऑइलच्या पातळ थरावर. घाटातून वर आल्या आल्या इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं, टर्बाइनची उष्णता मधल्या भागात सरकते आणि तिथलं ऑइल जळून कोळसा होतो. तोच पुढे नळी चोंदवतो. काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही विजेचा छोटा पंप टर्बोतून पाणी फिरवत राहतो. तरी शेवटचा किलोमीटर हलक्या पायाने, आणि थांबल्यावर एक-दोन मिनिटं आयडलवर, एवढं पुरतं. दहा मिनिटं नको, उभ्या गाडीत बॉनेटखाली उष्णता आणखी साचते. घाटमाथ्यावर स्टार्ट-स्टॉप बंद ठेवा, नाहीतर ऐन तापलेल्या इंजिनाला तीच यंत्रणा बंद करते. ऑइलचा ग्रेड पुस्तकात असेल तोच. रोज घाट असेल तर मुदतीच्या बरंच आधी बदला.

चढावर इंजिन रेंगाळू देऊ नका. चौथ्यात १,५०० आरपीएमवर पाय दाबून चढण्यापेक्षा तिसऱ्यात २,५००-३,००० वर हलक्या पायाने चढा. पाण्याचा पंप जोरात फिरतो आणि बूस्ट कमी लागतो. केळघर घाटात ट्रकमागे अडकलात तर थोडं अंतर ठेवा. त्याच्या मागची गरम हवा ओढण्यात अर्थ नाही.

कुलंट ११० कडे निघाला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम, पंखा जोरात. घाम निघेल, पण हीटरही छोटा रेडिएटरच आहे. सुरक्षित जागी थांबा, वाफ येत नसेल तर आयडल चालू राहू द्या आणि बॉनेट उघडा. वाफ येत असेल किंवा तापमान चढतच असेल तर इंजिन बंद. टोपण किमान पाऊण तास उघडू नका. तापलेल्या टर्बोवर किंवा इंजिनवर पाणी ओतू नका, बीड तडकतं.

डिझेल बीएस-६ मध्ये थांबल्यावर फॅन जोरात चालतोय आणि गरम वास येतोय, तर तो बिघाडच असतो असं नाही. डीपीएफ काजळी जाळत असेल तर त्यात ६०० अंशांच्या आसपास तापमान असतं. अशा वेळी, आणि एरवीही घाट चढून आल्यावर, यवतेश्वर-कासच्या बाजूला वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. ऑक्टोबरनंतर तिथलं गवत गुडघ्याएवढं आणि कोरडं असतं.

पायरी ८: पुन्हा मोजा

त्याच तीन चाचण्या, शक्यतो तशाच उन्हात, तेवढीच माणसं गाडीत. बाहेरचं तापमान वेगळं असेल तर नुसता आकडा न बघता बाहेरच्या हवेपेक्षा फरक किती ते बघा. ब्लँकेट-रॅप लावल्यावर इनटेकचा आकडा जेमतेम उतरला तरी निराश होऊ नका. त्यांचा खरा फायदा बाजूच्या वायरी, होस आणि बॅटरीला होतो, आणि तो लेझरवाल्या तापमापकावर दिसतो, स्कॅनरवर नाही.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ब्लँकेटच्या तारा आणि रॅपचे टाय आवळून घ्या, ते ढिले पडतातच. दिवाळीच्या आसपास, कारखाने सुरू व्हायच्या आधी, टॉर्च घेऊन जाळ्या बघा आणि हंगाम संपला की पुन्हा. मेअखेरीस रॅपचा खालचा वेढा-दोन वेढे सोडून पाइपावर गंजाची खपली आहे का ते पाहा. खपली निघत असेल तर पावसाळ्याआधी रॅप काढून टाका.